‘ण’ उमटत नाही

रायपूरहून साधनाचा फोन आला तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होतो. साधना म्हणजे माझे मित्र वामनराव ढोबळे यांची मुलगी. ढोबळेजींना जाऊन आता दीड वर्ष होईल. ती म्हणाली, “काका, बाबांचा कॅमेरा तुमच्याकडेच आहे ना? तो लिलावाला लावाल? वस्तू नुसती पडून राहिलेली बाबांना आवडायची नाही. कोणी तरी वापरेल.”

मी हो म्हटलं.

“आणि वर्णन तुम्हीच लिहा. बाबांची पद्धत तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही.”

याला तीन आठवडे झाले. कॅमेरा माझ्या टेबलावर आहे. त्याचे फोटो काढून झाले. पुढून, मागून, खालून, बॅटरीच्या झाकणाचे. वर्णन मात्र पुढे सरकत नाही. ढोबळेजींची पद्धत अशी, की वस्तूत जे उणं असेल तिथून वर्णन सुरू करायचं. या कॅमेऱ्याबद्दल तसं लिहायला बसलो की मला माझं स्वतःचं नाव लिहावं लागतं, आणि लिलावाच्या पानावर त्याला जागा नाही. म्हणून ते इथे लिहितो आहे.

आम्ही दोघं एका सरकारी खात्याच्या भांडारात नोकरीला होतो. मी टंकलेखक, ते भांडारपाल. मी महाल वस्तीतल्या कारकुनांच्या घरातला, ते काटोलकडच्या शेतकऱ्यांच्या घरातले. त्यांच्या बोलण्यात ‘ण’ नव्हता. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत, ‘कोण’ला ‘कोन’. उणं हा त्यांचा फार आवडता शब्द, तोही ‘उनं’ म्हणूनच यायचा. कोणतीही वस्तू समोर आली की पहिला प्रश्न ठरलेला, “याच्यात उनं काय हाय?”

बसायच्या आधी खुर्ची उलटी करून पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते खुर्ची आडवी करून पायांचे जोड अंगठ्याने दाबून बघत, मग बसत. चहा संपला की कप पालथा करून त्याचं बूड न्याहाळत. “वस्तूचं खरं तोंड खालून असते,” असं म्हणत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची लाकडी पट्टी, दाढीचा एक जुना ब्रश आणि भिंग. आडनाव ढोबळे आणि नजर एवढी बारीक, हा विनोद खात्यात इतक्या वेळा झाला होता की शेवटी त्याला कोणी हसत नसे. फक्त ते स्वतः हसत.

भांडारात अधूनमधून निकामी मालाचा लिलाव व्हायचा. यादी ते करत, टंकित मी करत असे. त्यांच्या आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं प्रत्येक वस्तूपुढे तेच तीन शब्द लिहिले होते, ‘जुने, वापरलेले, निरुपयोगी’. यातला तिसरा शब्द ढोबळेजींना सहन होत नसे. एकदा छताच्या पंख्यांची यादी त्यांनी माझ्याकडे आणली, एकेका पंख्याला एकेक ओळ. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. ‘तीन पाती. एक पाते किंचित वाकलेले. चालू केल्यास आवाज येतो, वाराही येतो.’

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. “ढोबळे, हे लिलावाचं पत्रक आहे की मुलीचं स्थळ?”

“साहेब, निरुपयोगी लिवलं तर भंगारवाला येते. वारा येते असं लिवलं तर ज्याले वारा पाह्यजे तो येते.”

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सही केली. लिलावाच्या दिवशी नेहमीच्या भंगारवाल्यांच्या मागे एक खानावळवाला आणि एका शिकवणी वर्गाचा मालक येऊन उभे राहिले होते. त्या वर्षी पंखे पंखे म्हणून गेले, लोखंड म्हणून नाही.

पुढे कचेरीत संगणक आले आणि टंकलेखन यंत्रं त्या यादीत गेली. माझंही. ज्याच्यासमोर तीस वर्षं बसलो ते यंत्र मीच लिलावात घेतलं, घरी आणलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्याच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघंही प्रताप नगरात, एका गल्लीच्या अंतरावर राहत होतो. तोवर त्यांची पत्नी गेली होती, साधना लग्न होऊन रायपूरला होती. माझ्या मुलाने मला संगणक घेऊन दिला आणि जुन्या वस्तू लिलावाने विकायची एक साइट दाखवली. मी हौसेने घरातला जुना रेडिओ पलंगावर ठेवला, फोटो काढला, खाली लिहिलं, ‘जुना रेडिओ, चांगली कंडीशन’, आणि टाकून दिला. आठ दिवस एकही बोली आली नाही. ढोबळेजींना संगणकावर दाखवलं. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत राहिले.

“पाठकजी, तुमी रेडिओ विकून राह्यले का चादर?”

चादर मोठ्या गुलाबांची होती. रेडिओ त्या गुलाबांत बुडाला होता.

“आनि हे पाय कोनाचे जी? वहिनींचे? तेही संगं देता का?”

खरंच, कोपऱ्यात हिच्या पायांची बोटं आली होती. ही स्वयंपाकघरातून ओरडली, “ढोबळे भाऊजी, माझ्या पायांना बोली आली तर सांगा!”

“चांगली कंडीशन म्हंजे काय?” ढोबळेजी आता रंगात आले होते. “मी बी चांगल्या कंडीशनमंदीच हाय. घेते का कोनी? अजी, घेनारा दूर बसला हाय. त्याचा हात इथवर पोचत नाही. आपले डोये त्याचे हात झाले पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅमेरा घेऊन आले. साधा, हातात मावणारा डिजिटल कॅमेरा, जावयाने दिलेला. आमच्या मागच्या ओट्यावर त्यांनी पांढरं धोतर दोरीवर टांगलं, त्याच्यापुढे स्टूल ठेवलं, त्यावर रेडिओ. ऊन तिरपं येईपर्यंत थांबले. रेडिओ पुसायला मी फडकं आणलं तर हातातून काढून घेतलं. धूळ ब्रशने झटकली, बस. चकाकी आणायची नाही. बाजूला आपली लाकडी पट्टी उभी केली, म्हणजे बघणाऱ्याला उंची कळावी. मग मागून, खालून, वायरीचा, बटणांचा फोटो. मी कौतुकाने जवळ सरकलो की ओरडत, “सावली काढा, पाठकजी!”

हे वाक्य पुढच्या सहा-सात वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल याला हिशोब नाही. मला उजेडात उभं राहायची सवय आणि त्यांना माझ्या सावलीचं वावडं.

पहिला फोटो कोणता टाकायचा यावर आमचं वाजलं. साइटवर सूचना होती, सगळ्यांत चांगला फोटो आधी लावा. ढोबळेजींनी रेडिओच्या कोपऱ्याला गेलेल्या तड्याचा फोटो आधी लावायला सांगितला.

“अहो, तडा बघून कोण थांबेल?”

“ज्याले चालन तो थांबन. बाकीचे घरी गेले तर काय वाईट झालं? त्याईले नंतर रागावून जाऊ द्याचं का?”

वर्णन त्यांनी उभ्याने सांगितलं, मी टंकित केलं. तड्याची लांबी, कुठे सुरू होतो, कुठे संपतो. आणि शेवटी, ‘सुरू केल्यावर आवाज लागायला वेळ लागतो. चाळीस मोजावेत.’ रेडिओ सोलापूरच्या एका गृहस्थांनी घेतला. पोचल्यावर त्यांनी साइटवर शेरा लिहिला, ‘चाळीस मोजले. लागला.’ ढोबळेजी दोन दिवस हे वाक्य गल्लीत सगळ्यांना सांगत हिंडले.

मग लोक वस्तू घेऊन यायला लागले. कोणाचं भिंतीवरचं घड्याळ, कोणाची शिवणयंत्राची पेटी, कोणाचा पितळी अडकित्ता. साइटवरचं खातं ढोबळेजींच्या नावावर होतं, कारण त्यांचं म्हणणं, ज्याचं वर्णन त्याचं नाव. काम ठरून गेलं. फोटो ते काढणार. वर्णन ते तोंडी सांगणार, कागदावर एक अक्षर न लिहिता. टंकून साइटवर मी टाकणार. फोटो माझ्या संगणकात उतरले की कॅमेऱ्यातले ते पुसून टाकत, पुढच्या वस्तूसाठी. लावलेलं पान त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. त्यांच्याकडे संगणक नव्हता, फोन साधा होता. मी वाचून दाखवू लागलो तर म्हणत, “तुमी टाकलं ना? झालं मंग.”

धरमपेठेतला एक माणूस एकदा पितळी समई घेऊन आला आणि ‘दोनशे वर्षं जुनी, दुर्मिळ’ असं लिहा म्हणून बसला. ढोबळेजींनी समई उलटी केली, भिंगातून पाहिली, तिचं वजन केलं.

“वजन लिवतो. उंची लिवतो. बूड डाग देऊन सांधलेलं हाय, ते लिवतो. दुर्मिळ हाय का नाही ते घेनारा ठरवन.”

“पण मी सांगतो ना तुम्हाला, पणजोबांच्या काळची आहे.”

“पनजोबाले घेऊन या, त्याईचं नाव टाकून लिवतो.”

माणूस रागाने समई घेऊन गेला. पंधरा दिवसांनी परत आला, आणि वजन-उंचीवरच समई गेली.

ही खोड त्यांना धंद्यापुरती नव्हती. साधनाचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट त्यांच्या पत्नीने आमच्याकडे सांगितली होती. रायपूरची मंडळी बघायला आली, पोहे झाले, आणि ढोबळेजींनी आपणहून सुरुवात केली, “पोरगी रागीट हाय. राग आला तर दोन दिवस बोलत नाही. सयपाकात मीठ इसरते. आनि बाप हट्टी हाय, ते बी लिहून घ्या.” त्यांच्या पत्नीने डोक्यावर पदर ओढून घेतला. “असा बाप असते का वं कोनाचा!” असं ते सांगताना त्या हिला म्हणाल्या होत्या. मुलाकडचे हसत सुटले आणि तिथल्या तिथे होकार दिला. साधनाने पुढे मला सांगितलं की तसं सांगायला तिनेच बापाला म्हटलं होतं. तिला नंतरची बोलणी नको होती.

तर असा हा माणूस. आता यंत्राचं.

घराला रंग द्यायचा होता तेव्हा कपाटावरचं टंकलेखन यंत्र काढताना माझ्या हातून खाली आपटलं. वरून काही दिसलं नाही. ही म्हणाली, नाही तरी पडून आहे, विकून टाका. मी ढोबळेजींना बोलावलं. त्यांनी यंत्र स्टुलावर ठेवलं, कागद लावला आणि एका बोटाने प्रत्येक कळ दाबत गेले. सकाळची वेळ होती. मी समोर बसून ते एकेक अक्षर ऐकत होतो. मध्येच ते थांबले, तीच कळ पुन्हा दाबली, भिंग काढून आत डोकावले.

“पाठकजी, तुमच्या मशीनीत ण नाही.”

त्यांनी ते अक्षर मुद्दाम जीभ वळवून, नीट उच्चारलं. देवनागरी यंत्रावर ‘ण’ दोन कळांनी होतो. आधी अर्धा ण, मग काना. त्या अर्ध्या ‘ण’चा खिळाच गळून पडला होता. आता ‘ण’ मारला की कागदावर नुसता काना उभा राहायचा.

मी हसून म्हटलं, “तुमच्या बोलण्यात तरी कुठे आहे, ढोबळेजी? तुमचं काही अडलं का?”

“माह्या तोंडात नसन,” ते शांतपणे म्हणाले. “पर घेनाऱ्याच्या नावात असू शकते ना.”

त्यांनी त्या कागदाचा फोटो काढला. ‘ट ठ ड ढ’ आणि त्यापुढे एकटा काना. हाच पहिला फोटो लावा म्हणाले. वर्णनाचं पहिलं वाक्य सांगितलं, ‘ण उमटत नाही.’ मग बाकीचं सांगून घरी जेवायला गेले.

दुपारी मी एकटा संगणकापुढे बसलो. ते माझं यंत्र होतं. त्याच्यावर मी तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं, दुसऱ्यांचे आदेश, दुसऱ्यांच्या याद्या मारल्या. निवृत्त झालो तरी दुसऱ्याचंच टंकत होतो. साइटवर लोक लिहायचे, ‘ढोबळे यांचे वर्णन म्हणजे वस्तू हातात घेतल्यासारखे’. टंकणाऱ्याचं नाव कोण लिहितं? आणि आता माझं यंत्र जगापुढे येणार ते त्याच्या पडलेल्या दातासकट. मला वाटलं, एकदा तरी माझ्या पद्धतीने लावून बघू. एवढ्या अक्षरांत एक अक्षर. मी पहिलं वाक्य पुसलं. तो फोटो काढून टाकला. यंत्राचा समोरून काढलेला, काळा, देखणा फोटो पहिला लावला.

बोलीवर बोली आली. आमच्या कुठल्याच वस्तूला आली नव्हती एवढी. मी ढोबळेजींना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर मांडी ठोकून बसले. “पाह्यलं का जी? मी म्हनत होतो ना? उनं सांगून बी घेते लोक! ण नाही तरी घेतलं!”

मी चहा करायला आत गेलो. तेव्हा सांगितलं असतं तर ते चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि घेणाऱ्याला कळवून गोष्ट मिटली असती. एवढंच झालं असतं.

घेणारे सांगलीकडचे निवृत्त शिक्षक होते. नाव नारायण. त्यांना आपल्या शाळेच्या आठवणी स्वतः टंकून काढायच्या होत्या. पहिल्या पानावर त्यांनी नाव मारलं आणि त्या कागदाचा फोटो साइटवर टाकला. कागदावर होतं, ‘नाराया’. खाली शेरा, ‘वर्णन अपुरे.’

मी ढोबळेजींपासून हे लपवू शकत नव्हतो, यंत्र परत यायचं होतं. त्यांना बोलावून वाचून दाखवलं. ते खुर्चीवर बसले. ती उलटी करून न बघता बसले, हे मला तेव्हाच दिसलं.

“पर मी सांगतलं होतं ना तुमाले. ण उमटत नाही. पयलं वाक्यच ते होतं.”

पुढे मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, “नाही, ढोबळेजी. सांगितलं असतं तर मी लिहिलं नसतं का?”

“फोटो काढला मी. कागदाचा.”

“माझ्याकडे नाही आला तो.”

त्यांनी कॅमेरा काढला, उघडून पाहिला. तो रिकामा होता, नेहमीसारखा. बराच वेळ ते कॅमेऱ्याच्या त्या छोट्या काचेकडे बघत होते. मग म्हणाले, “मंग मले आठवते ते काय?”

“राहून जातं एखाद्या वेळी. वय झालं आपलं.”

“माह्या जिभेवरून मस्करी बी केली होती तुमी. माह्या तोंडात ण नाही म्हनून.”

“ती मस्करी मी नेहमीच करतो,” मी म्हणालो. हे खरं होतं, आणि म्हणून ते खोट्याहून वाईट होतं.

ते भांडले असते तर मी कदाचित कबूल झालो असतो. पण त्यांनी मान हलवली. माझ्यावर अविश्वास दाखवणं त्यांना सुचलंच नाही. दोघांपैकी एकाची चूक असणार, आणि ती त्यांनी स्वतःकडे घेतली. शिक्षकांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून माफी मागितली, ‘माझ्या पाहण्यात राहून गेले.’ त्यानंतर त्यांनी एकाही वस्तूचा फोटो लिलावासाठी काढला नाही. कोणी काही घेऊन आलं तर म्हणत, “आता माह्यी नजर भरवशाची नाही.”

काही दिवसांनी मला बरोबर घेऊन ते धरमपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. त्यांनी शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळही घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, “काका, या वयात असे डोळे म्हणजे नशीब आहे.” बाहेर आलो. मला वाटलं, त्यांना हायसं वाटलं असेल. ते पायरीवर थांबले आणि म्हणाले, “डोये चांगले हाय म्हनते डॉक्टर. म्हंजे डोक्यात हाय.”

तिथे सांगायला मला कोणीही अडवलेलं नव्हतं. समोर उसाच्या रसाचं दुकान होतं. मी दोन ग्लास सांगितले.

त्यानंतर त्यांचं तपासणं सुरू झालं. गॅस बंद केला का, नळ बंद केला का. पंचवीस पावलं गेले की परत फिरायचे. दोनदा दूध आणायचे, एकदा आणल्यावर विश्वास नाही म्हणून. एकदा मी त्यांना दारापुढे कॅमेरा घेऊन उभं असलेलं पाहिलं. काय करता म्हणून विचारलं तर ओशाळून हसले. “काही नाही जी, असंच.”

साधनाला शेजाऱ्यांकडून कळलं. तिने मला फोन केला. “काका, तुम्ही रोज सोबत असता. बाबा खरंच विसरतात का हो? माझ्याशी तर अगदी नीट बोलतात.”

तिने मला सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, “वय झालं, बेटा. एकटं ठेवू नकोस.”

ती येऊन त्यांना घेऊन गेली. रायपूरला ते दोन वर्षं होते. गेले ते झोपेत, कोणाला त्रास न देता, असं तिने कळवलं.

हे लिहायला घेण्याआधी, गेल्या रविवारी मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तो कागदाचा फोटो माझ्या संगणकात अजून आहे; साइटवरून काढला होता, संगणकातून पुसायचं धाडस झालं नव्हतं. तोही पाठवला. ती म्हणाली, “काका, बाबांनी माझ्या घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली होती. आत काय आहे, किती आहे, कधी भरलं. आम्ही त्यांना लहान मुलासारखं समजावायचो, की असू द्या बाबा, काही बिघडत नाही.” पुढे म्हणाली, “त्यातली एकही चिठ्ठी चुकलेली नव्हती.” आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.

कॅमेऱ्याचं सांगायचं राहिलं. वर्णनासाठी तो चालू करून बघितला तेव्हा कळलं की या वेळी तो रिकामा नाही. त्यांनी पुसायचं सोडून दिलं होतं. त्यात गॅसच्या बटणाचे फोटो आहेत, बंद केलेल्या नळाचे, मागच्या दाराच्या कडीचे, आणि समोरच्या दारावरच्या कुलपाचे, शेकड्याने. घराबाहेर पडताना काढायचे आणि रस्त्यात उघडून बघायचे, म्हणजे पटावं. सगळे फोटो त्यांच्या पद्धतीचे. चौकट सरळ, उजेड तिरपा, कडी कुठपर्यंत सरकली आहे ते कळावं म्हणून बाजूला लाकडी पट्टी धरलेली.

शेवटचा फोटो ते रायपूरला निघाले त्या सकाळचा आहे. साधना रिक्षात सामान चढवत होती. ढोबळेजींनी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, फोटो काढला. मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांनी कॅमेऱ्याची काच माझ्यापुढे धरली.

“पाठकजी, याच्यात लागलेलं दिसते का तुमाले?”

“लागलं आहे, ढोबळेजी.”

“बराबर पाह्यलं ना?”

“बरोबर पाहिलं.”

“तुमी म्हनता तर लागलं असन,” ते म्हणाले. कॅमेरा माझ्या हातात दिला, “तिकडं काय कराचा मले,” आणि रिक्षात जाऊन बसले. वळणापर्यंत ते मागे वळून दाराकडे बघत होते.

तो फोटो आता माझ्यासमोर आहे. कुलूप लागलेलं आहे, स्पष्ट दिसतं. पण फोटो चांगला नाही. सकाळचं ऊन मागून येत होतं, आणि कुलपावर, दारावर, पट्टीवर, सगळीकडे माझी सावली पडली आहे. त्यांना ती दिसली नसेल असं होणार नाही. त्या दिवशी त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही.